जुन्या पेट्रोल गाडीची कॉम्प्रेशन चाचणी सुरक्षितपणे कशी करावी?

टॅपेट (धागाकर्ता)

जुन्या गाडीचा पिकअप कमी झाला, चढावर ती दमू लागली किंवा उभ्या जागी इंजिन थरथरू लागले की ‘कॉम्प्रेशन गेले’ असे निदान फार लवकर केले जाते आणि त्यापाठोपाठ इंजिन खोलण्याची भाषा सुरू होते. कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टनने सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब; प्लगच्या भोकाला दाबाचे गेज लावून आणि सेल्फने इंजिन फिरवून तो मोजणे, ही कॉम्प्रेशन चाचणी. कॉम्प्रेशन खरोखरच गेले आहे का, गेले असल्यास कोणत्या सिलिंडरचे आणि हवा कोठून निसटते आहे, हे हेडचा, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा, एकही बोल्ट न उघडता बऱ्याच अंशी समजते. म्हणून ही चाचणी जुनी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला स्वतः करता यावी असे मला मनापासून वाटते. मात्र तिच्यात पेट्रोलची वाफ, ठिणगी, तापलेला एक्झॉस्ट आणि फिरणारा पट्टा हे सारे एकाच वेळी हाताजवळ असते, आणि तयारीत काही राहून गेले तर गेजवरचा आकडाही फसवतो. त्यामुळे या धाग्यात मी तयारीवरच अधिक लिहिणार आहे. पुढील सर्व विवेचन कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना क्रमाने वीज वाटणारा भाग) असलेल्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाला धरून आहे.

पहिली गोष्ट प्लगची. चाचणी गरम इंजिनावर करायची असते, कारण गरम झाल्यावरच पिस्टन, त्याच्याभोवतीच्या रिंग आणि व्हॉल्व्ह आपापल्या कामाच्या मापावर येतात. परंतु हेड ॲल्युमिनियमचे असेल तर कडकडीत गरम अवस्थेत प्लग काढताना हेडमधील आटे प्लगबरोबर ओढले जाण्याचा धोका असतो. यावर चांगला उपाय असा, की इंजिन पूर्ण थंड असतानाच प्रत्येक प्लग पाव फेरा सैल करून पाहावा. प्लग जड जात असेल तर जोर न लावता गंज सोडवणारे तेल टाकून थांबावे आणि पुढे-मागे करत तो हळूहळू सोडवावा. सैल झालेल्या प्लगच्या भोवतीच्या खोबणीत साचलेली माती, गंजाचे पापुद्रे आणि वाळलेले तेल याच वेळी दाबाच्या हवेने उडवून टाकावे, कारण प्लग निघाल्यावर हे सगळे थेट सिलिंडरमध्ये पडते आणि वाळूचा एक कण बोरवर, म्हणजे सिलिंडरच्या आतील भिंतीवर, उभा ओरखडा काढायला पुरेसा असतो. हवा मारताना डोळ्यांवर गॉगल हवाच. त्यानंतर प्लग पुन्हा बेताने आवळून इंजिन चालू करावे आणि ते नेहमीच्या तापमानाला आणावे. हे काम बंद गॅरेजमध्ये करू नये. एक्झॉस्टमधील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो अंगात भिनत असल्याचे माणसाला समजतही नाही.

इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे. तेवढ्यात हेड गरमच राहते, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ हात नेण्याइतपत उसंत मिळते. तरीही हातमोजे घालावेत. गाडी सपाट जागी असावी, हँडब्रेक ओढलेला असावा, गिअर न्यूट्रलमध्ये असावा आणि चाकांपुढे-मागे ठोकळे लावलेले असावेत. ऑटोमॅटिक गाडी असेल तर ती ‘पार्क’मध्ये ठेवावी. एच.टी. (हाय टेन्शन) वायरींना, म्हणजे प्लगकडे जाणाऱ्या जाड वायरींना, चिकटपट्टी लावून १ ते ४ असे आकडे टाकावेत. वायर ओढताना तिला न धरता टोपीला धरून काढावी. जुन्या वायरीच्या आतील कार्बनची दोरी ओढल्याने तुटते आणि मग एक नवाच दोष गाडीत शिरतो.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे ठिणगी बंद करणे. सर्व प्लग काढल्यावर सेल्फ मारला की प्रत्येक भोकातून पेट्रोलमिश्रित हवा जोराने बाहेर फेकली जाते. त्या वेळी एखादी मोकळी एच.टी. वायर जवळच्या धातूवर ठिणग्या टाकत असेल तर बॉनेटखाली आग लागायला दुसरे काही लागत नाही. काही जण कॉइलमधून (ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज तयार करणाऱ्या भागातून) निघणारी जाड वायर नुसती उपसून बाजूला ठेवतात. ते योग्य नाही. बाहेर पडायला वाट न मिळालेला उच्च विद्युतदाब कॉइलच्या आतील इन्सुलेशन फोडून स्वतःची वाट काढू शकतो. इग्निशन स्विचकडून कॉइलला येणारी बारीक वायर, म्हणजे कॉइलच्या धन टोकावरची वायर काढावी, तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळावी आणि ती कोठेही टेकणार नाही अशी बांधून ठेवावी. असे केल्याने ठिणगी मुळातच तयार होत नाही आणि पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधील, कॉइलचा प्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) जुळलेल्या अवस्थेत राहिले तरी कॉइल तापण्याचाही प्रश्न उरत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास मॉड्यूलचा किंवा कॉइलचा कनेक्टर काढावा.

यानंतर चारही प्लग काढावेत आणि ते सिलिंडरच्या क्रमानेच मांडून ठेवावेत, कारण त्यांचा रंग पुढे निदानाला उपयोगी पडतो. ज्या सिलिंडरची चाचणी आहे तेवढाच प्लग काढून बाकीचे तसेच ठेवण्याची सवय अनेकांना असते. पण मग उरलेले तीन सिलिंडर सेल्फला अडवतात, इंजिन मंद आणि असमान फिरते, आणि आकडे कमी येतात. एअर फिल्टर काढून चोकची पट्टी पूर्ण उघडी असल्याची खात्री करावी आणि चाचणीच्या वेळी ॲक्सिलरेटर तळाशी दाबून धरावा. थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप) बंद असेल तर सिलिंडरला ओढायला हवाच मिळत नाही, आणि मग चांगले इंजिनही रोगी दिसते. ॲक्सिलरेटर एकदाच दाबावा व तसाच धरून ठेवावा. तो पुन्हा पुन्हा दाबल्यास कार्ब्युरेटरचा पंप दर वेळी पेट्रोलची पिचकारी मारतो, ते पेट्रोल बोरवरचे तेल धुऊन टाकते आणि कॉम्प्रेशन आणखी खाली येते. कार्ब्युरेटरचे तोंड आता उघडे आहे हे विसरू नये. त्याच्या आसपास फडके, नट किंवा वॉशर ठेवू नये, कारण सेल्फ मारताच ते आत ओढले जाऊ शकतात.

बॅटरी आदल्या दिवशीच पूर्ण चार्ज करून ठेवावी. विश्रांतीत ती १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. पहिल्या सिलिंडरला दमदार आणि चौथ्याला मरगळलेला सेल्फ मिळाला तर त्या दोन आकड्यांची तुलना निरर्थक ठरते.

गेज हाताने आवळावे, पाना लावू नये. मदतनीस किल्लीपाशी बसलेला असावा आणि ‘मार’ म्हटल्याशिवाय त्याने किल्ली फिरवू नये, हे आधीच ठरवून घ्यावे. आपण प्लगच्या भोकांच्या रेषेत उभे राहू नये, वाकून आत पाहू नये. बाह्या, गळ्यातील साखळी आणि मोकळे केस फॅनच्या पट्ट्यापासून दूर असावेत. पावडरचे अग्निशामक हाताशी असावे. पाच-सहा सेकंद सेल्फ मारला की गेजचा काटा पाच-सहा झटके खातो. प्रत्येक सिलिंडरला झटके तेवढेच मोजून द्यावेत. पहिल्या झटक्याचा आकडा आणि शेवटचा आकडा असे दोन्ही लिहून घ्यावेत. मग गेजवरचे बटण दाबून आधी दाब सोडावा आणि त्यानंतरच गेज काढावे. दोन चाचण्यांमध्ये सेल्फच्या मोटरला निदान मिनिटभर विसावा द्यावा.

आकड्यांबद्दल थोडक्यात. बहुतेक पेट्रोल इंजिने १२० ते १८० पीएसआय, म्हणजे साधारण ८ ते १२.५ बार दाखवतात. जुन्या, कमी कॉम्प्रेशन रेशोच्या (म्हणजे हवा कमी पट दाबणाऱ्या) इंजिनांत तो आकडा याहून खाली असणेही स्वाभाविक आहे. आपल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेला आकडा अंतिम मानावा. पुस्तिका नसेल तर सर्वांत कमी सिलिंडर हा सर्वांत जास्त सिलिंडरच्या ७५ टक्क्यांहून खाली नसावा, हा सर्वत्र वापरला जाणारा नियम उपयोगी पडतो. माझ्या मते चार आकड्यांमधील तफावत ही एकेका आकड्यापेक्षा कितीतरी अधिक बोलकी असते.

नवशिकी

फार उपयुक्त लेखन. माझ्याकडे जे गेज आहे त्याला रबराचा शंकू आहे, तो प्लगच्या भोकावर दाबून धरायचा असतो. आटे असलेले गेजच घ्यावे लागेल का? आणि माझी गाडी दीड-दोन वर्षे एका जागी उभी आहे, तिला थेट ही चाचणी करता येईल का?

टॅपेट

शंकूचे गेज चुकीचे नाही, पण ते पूर्ण चाचणीभर सारख्याच जोराने दाबून धरावे लागते. हात जरा हलला की हवा निसटते, शिवाय आपला हात आणि चेहरा भोकाच्या अगदी जवळ राहतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने मी आट्यांच्या गेजलाच प्राधान्य देईन. ते घेताना प्लगच्या आट्यांचे माप पाहावे. १४ मिमी हे सर्वाधिक प्रचलित आहे, पण १०, १२ आणि १८ मिमीचे प्लगही असतात. माप जितके महत्त्वाचे, तितकीच आट्यांची लांबीही. गेजच्या टोकाचे आटे प्लगच्या आट्यांहून लांब असतील तर ते टोक ज्वलनकक्षात डोकावते आणि पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्यावर आपटू शकतो. प्लग आणि गेजचे टोक शेजारी शेजारी धरून पाहिले की हे लगेच कळते.

उभ्या राहिलेल्या गाडीबद्दल मात्र थांबा. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, आणि मग क्रँक पुलीच्या (इंजिनाच्या टोकावरच्या, पट्टा फिरवणाऱ्या चाकाच्या) बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ते मध्येच अडले तर सेल्फने जबरदस्ती करू नका. हेड गॅस्केटमधून (हेडखालच्या पातळ सीलमधून) पाणी झिरपून सिलिंडरमध्ये साचलेले असू शकते, रिंग गंजून बोरला धरलेल्या असू शकतात किंवा एखादा व्हॉल्व्ह उघडा अडकलेला असू शकतो. पाणी दाबले जात नाही. प्लग लावलेल्या अवस्थेत सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन मोकळे फिरले तरी पहिल्या चाचणीच्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. उभ्या गाडीच्या रिंग आपल्या खाचेत चिकटतात आणि व्हॉल्व्हच्या बैठकीवर (बंद झाल्यावर व्हॉल्व्ह जेथे टेकतो त्या कडेवर) गंजाची किंवा कार्बनची कणी बसते, त्यामुळे आकडे वाईट येतात; गाडी काही दिवस चालवल्यावर तेच आकडे पुष्कळदा सुधारतात.

दोनपाने

धागाकर्त्यांनी गेजबद्दल लिहिले आहे त्यात एक भर घालतो. आट्यांच्या गेजच्या नळीत, सिलिंडरकडील टोकाला, टायरच्या व्हॉल्व्हसारखा दिसणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तोच हवा अडवून ठेवतो आणि काटा खाली येऊ देत नाही. तो खराब झाला की अनेक जण सायकलच्या दुकानातून टायरची व्हॉल्व्ह-पिन आणून बसवतात. ती बसते, परंतु टायरच्या पिनेची स्प्रिंग अधिक कडक असते आणि ती उघडण्यासाठी लागणारा दाब गेजपर्यंत पोहोचतच नाही, म्हणून चारही सिलिंडर सारखेच कमी दिसतात. गेजसाठी वेगळी, मऊ स्प्रिंगची पिन मिळते, तीच वापरावी. हा व्हॉल्व्ह सिलिंडरकडील टोकालाच का असतो, हेही समजून घेण्यासारखे आहे. तो गेजकडच्या टोकाला असता तर संपूर्ण नळीची पोकळी ज्वलनकक्षात जमा झाली असती आणि प्रत्यक्ष कॉम्प्रेशन रेशोच घटला असता.

चारही सिलिंडर सारखेच कमी येण्याची आणखी कारणे आहेत. टायमिंगची, म्हणजे व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडवणारी, चेन किंवा बेल्ट एक दाता सरकला असेल तर असे होते. गाडी उंचावर असेल तरी होते. समुद्रसपाटीपासून १५०० मीटरवर हवेचा दाबच सुमारे एक षष्ठांशाने कमी असतो आणि गेजवरचा आकडाही त्याच प्रमाणात खाली येतो. अशा वेळी इंजिनात दोष शोधत बसण्यात अर्थ नसतो.

काळेतेल

कॉम्प्रेशन रेशो ८:१ असेल तर गेजवर वातावरणाच्या आठ पट दाब दिसायला हवा असे गणित मी करत होतो. माझ्या गाडीवर मात्र त्याहून बराच जास्त आकडा येतो. हे कसे?

दोनपाने

हवा दाबली की ती तापते आणि तापल्यामुळे दाब आणखी वाढतो, म्हणून साध्या गुणाकारापेक्षा आकडा जास्त येतो. दुसऱ्या बाजूने, इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर येऊ लागल्यानंतर थोड्या वेळाने बंद होतो, त्यामुळे काही हवा परत जाते. काही उष्णता सिलिंडरची भिंत शोषून घेते आणि थोडी हवा रिंगमधून खाली जाते. आकडा साधा गुणाकार आणि तापलेल्या हवेचा पूर्ण दाब या दोन्हींच्या दरम्यान स्थिरावतो. रेशोवरून गेजचा आकडा काढण्याचा नाद सोडून पुस्तिकेतील आकडा धरावा.

एक सिलिंडर इतरांपेक्षा बराच जास्त येत असेल तर मात्र लक्ष द्यावे. पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा थर साचला की ज्वलनकक्ष लहान होतो. व्हॉल्व्हच्या सीलमधून तेल उतरत असेल तरीही ते रिंगभोवती बसून आकडा फुगवते. त्या सिलिंडरचा प्लग काळा आणि ओला निघाला तर दुसऱ्या कारणाचा संशय घ्यावा.

चौथा गिअर

धाग्यात दिल्याप्रमाणे सर्व तयारी करून आज चाचणी केली. कॉइलची वायर काढली होती, चारही प्लग बाहेर होते, थ्रॉटल पूर्ण उघडा होता. आकडे पीएसआयमध्ये असे आले : पहिला सिलिंडर १४२, दुसरा १३८, तिसरा ९६ आणि चौथा १४०. तिसऱ्या सिलिंडरचा काटा पहिल्याच झटक्याला कमी उठला आणि पुढच्या झटक्यांनाही फारसा चढला नाही. इंजिन उभ्या जागी थरथरते आणि एक्झॉस्टमधून ठरावीक अंतराने ‘फफ्’ असा आवाज येतो. ऑइल फारसे कमी होत नाही. हेड काढावे लागेल का?

टॅपेट

लगेच काढू नका. १४२ चे ७५ टक्के म्हणजे साधारण १०६ होतात, त्यामुळे तिसऱ्यात दोष आहे हे निश्चित. आता तो रिंगचा की व्हॉल्व्हचा हे पाहू. काटा कसा चढतो यातच अर्धे उत्तर असते. रिंग झिजलेल्या असतील तर पहिला झटका अगदी दुबळा असतो, पण प्रत्येक झटक्याला काटा थोडा थोडा वर सरकत राहतो आणि शेवटी अपुऱ्या उंचीवर थांबतो. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर पहिला झटका कमी आणि त्यानंतरही काटा जवळपास तेथेच अडखळतो. तुम्ही वर्णन केलेले वागणे दुसऱ्या प्रकारचे आहे. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी असते तर मी त्यांच्या मधल्या हेड गॅस्केटकडे बोट दाखवले असते. येथे दुसरा आणि चौथा दोन्ही ठणठणीत आहेत.

खात्रीसाठी ओली चाचणी करा. प्लगच्या भोकातून तिसऱ्या सिलिंडरमध्ये ५ मिलि, म्हणजे चहाचा एक चमचा इंजिन ऑइल सोडा. तुलनेसाठी पहिल्यातही तेवढेच सोडा. गेज लावण्यापूर्वी दोन-तीन फेरे सेल्फ मारून ते पसरू द्या. या वेळी भोकांतून तेलाचे शिंतोडे उडतात, म्हणून भोकांवर स्वच्छ कापड धरण्याऐवजी सर्वांनी दूर उभे राहणे चांगले. मग पुन्हा मोजा. तेल रिंगभोवतीच्या फटी तात्पुरत्या बुजवते, व्हॉल्व्हच्या बैठकीला मात्र त्याचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे आकडा बराच वाढला तर दोष रिंगकडे, न वाढला तर वरच्या बाजूला, म्हणजे व्हॉल्व्हकडे. अधिक तेल घालण्याचा मोह टाळा. जास्त तेल स्वतःच जागा व्यापते आणि खोटी वाढ दाखवते. फारच जास्त झाले तर इंजिन अडते. चाचणीनंतर गाडी चालू केल्यावर काही मिनिटे निळा धूर येईल, त्याने घाबरू नका.

नवशिकी

माझी गाडी आडव्या सिलिंडरच्या इंजिनाची आहे. तिला हीच ओली चाचणी चालेल का?

टॅपेट

फोक्सवॅगन बीटलसारख्या आडव्या इंजिनात तेल सिलिंडरच्या खालच्या बाजूला साचते, रिंगच्या वरच्या भागापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून तेथे ओल्या चाचणीवर विसंबू नये. हवा भरून गळती ऐकण्याची पद्धत वापरावी.

काळेतेल

डिझेल गाडीलाही हेच गेज लावता येईल का?

दोनपाने

नाही, आणि हे ठासून सांगतो. डिझेल इंजिनात ४०० पीएसआय किंवा त्याहूनही अधिक दाब सहज तयार होतो. पेट्रोलच्या गेजचा काटा तर मोडेलच, पण नळी किंवा जोड सुटून इजा होण्याची शक्यता त्याहून गंभीर आहे. डिझेलसाठी वेगळे गेज असते, ते ग्लो प्लगच्या किंवा इंजेक्टरच्या जागी बसवतात आणि इंधनाचा पुरवठा बंद करण्याची पद्धतही निराळी असते. डिझेल सिलिंडरमध्ये तेल टाकून ओली चाचणी करू नये. दाबाच्या उष्णतेने ते तेल पेटू शकते, आणि ज्वलनकक्ष इतका लहान असतो की थोडेसे तेलही इंजिन अडवते.

पेट्रोल इंजेक्शनच्या गाड्यांबद्दलही येथेच लिहितो. तेथे फक्त इग्निशन बंद करून भागत नाही. इंधन पंपाचा रिले किंवा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे नळीतील दाबही उतरतो. शिवाय इंजेक्टरांचे कनेक्टर काढावेत. अन्यथा प्रत्येक फेऱ्याला सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारले जाते आणि भोकांतून बाहेर येते.

चौथा गिअर

ओली चाचणी झाली. पहिला सिलिंडर १४२ वरून १५० वर गेला आणि तिसरा ९६ वरून १०१ वर. म्हणजे रिंगचा दोष नाही असे मी समजतो. आता पुढे काय करावे?

टॅपेट

बरोबर समजलात. आता सर्वांत स्वस्त शक्यता आधी तपासा, ती म्हणजे टॅपेटची फट, म्हणजे व्हॉल्व्हचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातील बारीक अंतर. फट अजिबात उरली नसेल तर कॅम (रॉकर हलवणारा उंचवटा) खाली असतानाही रॉकर व्हॉल्व्हला किंचित उघडा धरून ठेवतो आणि कॉम्प्रेशन तेथून निसटते. इंजिन गरम झाल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, त्यामुळे हा दोष गरम इंजिनावर अधिक जाणवतो. एखाद्या सिलिंडरचा आकडा खाली आला की हेड उतरवण्याआधी व्हॉल्व्ह कव्हर उघडून फिलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून पाहिलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. पुस्तिकेत फट थंड इंजिनाची दिली आहे की गरम इंजिनाची, ते नीट वाचून त्याच अवस्थेत मोजा.

दोनपाने

त्याच वेळी हवेची चाचणीही करावी असे सुचवतो. तिसरा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या बिंदूवर (पिस्टन सर्वांत वर आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद अशा स्थितीत) आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली की ती कोठून बाहेर येते ते ऐकता येते. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या झाकणातून आली तर रिंग, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेला तडा. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडावे.

या चाचणीतला धोका वेगळा आहे. पिस्टन अगदी वरच्या बिंदूवर नसेल तर हवेचा दाब त्याला खाली ढकलतो आणि क्रँक एकदम फिरतो. पुलीच्या बोल्टवर पाना तसाच राहिलेला असेल तर तो हातावर किंवा तोंडावर बसतो. म्हणून पाना काढल्याशिवाय हवा सोडायची नाही, गिअर न्यूट्रलमध्येच ठेवायचा, पट्ट्याजवळ हात न्यायचा नाही आणि दाब अगदी कमी ठेवून सुरुवात करायची. इंजिन हलत नाही असे दिसल्यावरच दाब हळूहळू वाढवायचा.

चौथा गिअर

दोन्ही गोष्टी केल्या. हवा कमी दाबाने सोडली तेव्हा सायलेन्सरच्या टोकाशी कान नेल्यावर स्पष्ट फुसफुस ऐकू आली. कार्ब्युरेटर आणि ऑइलचे झाकण येथे आवाज नव्हता. व्हॉल्व्ह कव्हर उघडून पाहिले तर तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट टॅपेटमध्ये ०.०५ मिमीची पट्टीदेखील शिरत नाही, पुस्तिकेत थंड इंजिनासाठी ०.३० मिमी दिले आहे. बाकीचे तीन एक्झॉस्ट ०.२० ते ०.२५ मिमीच्या दरम्यान आहेत. इनटेकचे टॅपेट मात्र जवळपास योग्य निघाले. सर्व आठही टॅपेट मापावर आणले, इंजिन गरम केले आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून केली. तिसरा सिलिंडर आता १३१ दाखवतो, पहिला झटकाही इतरांसारखाच आहे. थरथर जवळजवळ गेली.

प्लग परत बसवण्याबद्दल एक शंका आहे. ते किती आवळावेत?

टॅपेट

फार चांगले झाले. हेड वाचले.

प्लग आधी हातानेच बसवावेत. प्लगच्या मागच्या टोकाला रबरी नळीचा तुकडा अडकवून फिरवला तर आटे तिरके लागल्यास नळीच घसरते आणि हेड सुरक्षित राहते. तळाशी टेकल्यावर, गॅस्केट वॉशर असलेला नवा प्लग साधारण अर्धा फेरा आणि पूर्वी वापरलेला प्लग फेऱ्याचा बारावा ते आठवा भाग आवळावा. टॉर्क पाना असेल तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये १४ मिमीच्या प्लगला २० ते २५ न्यूटन-मीटर पुरतात. पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच पाळावा. कॉइलची वायर जोडण्यापूर्वी आसपास सांडलेले पेट्रोल आणि तेल पुसून घ्यावे आणि वाफ निघून जाऊ द्यावी.

आता तिसऱ्या टॅपेटबद्दल. चारही एक्झॉस्टची फट कमी झालेली होती आणि इनटेकची झाली नव्हती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. टॅपेट झिजले तर फट वाढते; ती कमी होते तेव्हा व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत खोल जात असतो. शिसेयुक्त पेट्रोलच्या काळात बनलेल्या अनेक इंजिनांमध्ये एक्झॉस्टच्या बैठका वेगळ्या कठीण धातूच्या नसून हेडच्याच ओतीव लोखंडात कोरलेल्या असतात. पेट्रोलमधील शिसे त्या बैठकांवर एक संरक्षक थर तयार करत असे. शिसेविरहित पेट्रोलवर तो थर मिळत नाही, आणि विशेषतः वेगात, दीर्घकाळ ओझ्याखाली चालवल्यास बैठक हळूहळू खचते. तुमच्या गाडीत हेच घडत असेल असे मी आत्ताच म्हणणार नाही, कारण टॅपेट पूर्वी कोणी घट्ट बसवले असण्याचीही शक्यता आहे.

चौथा गिअर

गाडीचे हेड ओतीव लोखंडाचेच आहे. हे दोन शक्यतांपैकी कोणते आहे ते कसे ओळखावे?

टॅपेट

आज बसवलेली आठही मापे आणि चारही सिलिंडरचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. साधारण हजार किलोमीटर चालवल्यानंतर इंजिन त्याच अवस्थेत, म्हणजे पूर्ण थंड असताना, टॅपेट पुन्हा मोजा. मापे जागच्या जागी असतील तर प्रश्न मिटला. त्यानंतर नेहमीच्या सर्व्हिसिंगच्या वेळी पाहत राहावे. तिसऱ्याची फट पुन्हा घटलेली दिसली तर बैठक खचते आहे असे समजावे. तेव्हा हेड उतरवून एक्झॉस्टच्या चारही जागी कठीण धातूच्या बैठका बसवून घ्याव्यात. हे काम चांगल्या मशीन शॉपमध्येच करावे. तोपर्यंत सतत जास्त वेगाने गाडी पळवू नये आणि फट मापापेक्षा कमी कधीही ठेवू नये. फट नसलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीला टेकत नाही, म्हणून त्याची उष्णता हेडमध्ये उतरत नाही आणि त्याची कड जळून जाते. एकदा कड जळली की टॅपेट कितीही नीट लावले तरी आकडा वर येत नाही.